व्यवस्थापन शिक्षण आणि प्रत्यक्ष कार्यानुभव : पानिपतच्या वस्त्रोद्योगाच्या संदर्भात

मराठी वाचकाला पानिपत हे नाव १४ जानेवारी १७६१ या तारखेपासून वेगळे काढता येत नाही. त्या युद्धाच्या कारणमीमांसेत इतिहासकार शौर्याइतकाच रसदीचाही विचार करतात. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी छावणीचा दिल्लीशी असलेला संबंध तोडला. डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि धान्य व पैसा पोहोचण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. आजच्या परिभाषेत हा पुरवठा साखळी तुटल्याचा आणि खेळते भांडवल आटल्याचा प्रसंग होता. योगायोग असा की, ज्या शहराच्या नावाने मराठी भाषेत पराभवाचा वाक्प्रचार रूढ झाला, ते शहर आज पुरवठा साखळी आणि खेळते भांडवल या दोन विषयांची उत्तम प्रयोगशाळा ठरू शकेल असे आहे.

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटर अंतरावर, जुन्या ग्रँड ट्रंक मार्गावर वसलेले पानिपत राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. सतरंज्या, गालिचे, पडदे, चादरी, पायपुसणी आणि कांबळी यांच्या उत्पादनासाठी हे शहर देशात आणि परदेशात ओळखले जाते. व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या, परंतु कारखान्याचा उंबरठा न ओलांडलेल्या तरुणाला या शहरात नेमके काय शिकता येईल, आणि ते त्याला वर्गात का शिकता येत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यवस्थापन शिक्षणाची जडणघडण

व्यवस्थापन हे शास्त्र की कला, हा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना नवा नाही. या प्रश्नाचे ठरावीक उत्तर ‘दोन्ही’ असे असते आणि ते चुकीचेही नाही. परंतु या उत्तरामागे शंभराहून अधिक वर्षांचा एक शैक्षणिक वाद आहे, तो समजून घेतला पाहिजे.

अमेरिकेत व्हार्टन स्कूलची स्थापना १८८१ मध्ये आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलची १९०८ मध्ये झाली. भारतात वाणिज्य शिक्षणाचा पाया मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयाने १९१३ मध्ये घातला. स्वातंत्र्यानंतर जमशेदपूरची झेविअर संस्था (१९४९) आणि कोलकात्याची समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन संस्था (१९५३) उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. त्यांपैकी अहमदाबादच्या संस्थेला हार्वर्डचे आणि कोलकात्याच्या संस्थेला मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या स्लोन स्कूलचे सहकार्य लाभले. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. आज भारतीय व्यवस्थापन संस्थांची संख्या वीसच्या पुढे गेली असून हरियाणातील रोहतक येथील संस्था पानिपतपासून जेमतेम सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे.

प्रारंभी या शाळांतून अनुभवी व्यावसायिक आपले अनुभव सांगत. १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या प्रतिष्ठानांच्या साहाय्याने अमेरिकेत दोन अहवाल प्रसिद्ध झाले. व्यवसाय शिक्षणाला शास्त्रीय बैठक नाही, अशी टीका त्यांनी केली. त्यानंतर सांख्यिकी, अर्थशास्त्र, मानसशास्त्र यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले. लंबक दुसऱ्या टोकाला गेला. २००४ मध्ये हेन्री मिंट्झबर्ग या कॅनेडियन अभ्यासकाने ‘मॅनेजर्स नॉट एमबीएज’ या ग्रंथात नेमकी उलट तक्रार मांडली. ज्याने कधी व्यवस्थापन केलेले नाही अशा व्यक्तीला वर्गात बसवून व्यवस्थापक बनवता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुंबईत शिकलेले श्रीकांत दातार यांनी दोन सहलेखकांसह २०१० मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ज्ञान, कृती आणि व्यक्तिमत्त्व या तीन अंगांचा विचार करून, यांपैकी पहिल्यावरच फार भर दिला गेल्याचे दाखवून दिले. हार्वर्डने २०११ पासून पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी क्षेत्रीय कामाचा अभ्यासक्रम सुरू केला. दातार हे २०२१ मध्ये त्याच संस्थेचे अधिष्ठाता झाले.

विशेष म्हणजे प्रकरण-अभ्यासाची, म्हणजे ‘केस’ची पद्धत ज्या हार्वर्डने जगभर रुजवली, त्याच संस्थेला हा बदल करावासा वाटला. प्रकरण-अभ्यासात विद्यार्थी दुसऱ्याच्या निर्णयावर चर्चा करतो. निर्णयासाठी लागणारी माहिती वीस-पंचवीस पानांत निवडून, नीटनेटकी करून त्याच्यापुढे ठेवलेली असते. प्रत्यक्षात ती माहिती कोणाकडे आहे, ती तो का सांगत नाही आणि सांगितली तर खरी किती, हे शोधण्यातच व्यवस्थापकाचा बहुतेक दिवस जातो.

उमेदवारीची परंपरा

कामातून शिकणे ही आपल्याकडे आयात केलेली कल्पना नाही. मराठीत ‘उमेदवारी करणे’ हा शब्दप्रयोग आज निवडणुकीपुरता उरला असला, तरी दोन पिढ्यांपूर्वी नवा वकील ज्येष्ठ वकिलाकडे, नवा कारकून पेढीवर आणि नवा जुळारी कारखान्यात उमेदवारीच करीत असे. ‘शिकाऊ उमेदवार’ हा कायद्यातील शब्द त्याच परंपरेतून आला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतील ‘कमवा आणि शिका’ योजनेमुळे गरीब विद्यार्थ्याचे श्रम हाच त्याच्या शिक्षणाचा आधार बनला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नई तालीमचे सूत्रही हस्तव्यवसाय हेच होते.

परदेशात या विचाराला संस्थात्मक रूप मिळाले. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये आळीपाळीने वर्ग आणि कारखाना अशी सहकारी शिक्षणपद्धती सुरू केली. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात १९७४ पासून श्टुटगार्ट आणि मानहाइम येथे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठीही अशी दुहेरी पद्धत राबविण्यात आली. तेथे विद्यार्थी सुमारे तीन महिने वर्गात आणि तीन महिने कंपनीत असतो व कंपनी त्याला वेतन देते. भारतात याच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग डॉ. व्हर्गीस कुरियन यांच्या प्रेरणेने १९७९ मध्ये आणंद येथे स्थापन झालेल्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेने (इर्मा) केला. तेथील विद्यार्थ्याला खेड्यात मुक्काम करून क्षेत्रकार्य करावे लागते. इतर बहुसंख्य संस्थांत मात्र पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधल्या उन्हाळ्यातील सहा ते आठ आठवडे, एवढाच कार्यानुभवाचा वाटा आहे.

चिंध्यांपासून कांबळ्यापर्यंत

पानिपतचा आजचा वस्त्रोद्योग फाळणीतून उभा राहिला. १९४७ मध्ये येथील मुस्लिम विणकरांपैकी अनेक जण पाकिस्तानात गेले आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी, त्यांच्यातील विणकर कुटुंबांनी, येथे माग बसवले. हातमागावरील सतरंजी व पलंगपोस, त्यानंतर यंत्रमाग आणि पुढे निर्यात असा हा प्रवास आहे. २००२-०७ च्या आयात-निर्यात धोरणात तिरुपूर आणि लुधियाना यांच्याबरोबर पानिपतला ‘निर्यात उत्कृष्टता शहर’ म्हणून मान्यता मिळाली. तिरुपूरला ती होजिअरीसाठी, लुधियानाला लोकरी विणकामासाठी, तर पानिपतला लोकरी कांबळ्यांसाठी होती. परीक्षार्थींनी हे तीन जोड लक्षात ठेवावेत.

या कांबळ्यांमागील उद्योग मात्र फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्याला ‘शॉडी’ म्हणतात. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या करून त्यांतून पुन्हा तंतू काढायचे आणि सूत कातायचे, हे तंत्र इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या बॅटली गावी १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ यांनी विकसित केले. नंतर इटलीतील प्रातो शहर त्याचे केंद्र बनले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा व्यवसाय, बऱ्याच अंशी युरोपातील जुन्या यंत्रांसह, पानिपतला आला.

पाश्चिमात्य देशांत टाकून दिलेले कोट, स्वेटर, जाकिटे गठ्ठ्यांनी कांडला बंदरात उतरतात. वापरण्याजोगे कपडे चिंध्यांच्या नावाखाली देशी बाजारात शिरू नयेत म्हणून ते आधी कापून निरुपयोगी करावे लागतात. पानिपतच्या गोदामांत या मालाची वर्गवारी होते. हे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. जमिनीवर उभ्या रोवलेल्या पात्यावर कापड ओढून गुंड्या, चेन, अस्तर आणि नावाच्या पट्ट्या वेगळ्या केल्या जातात. त्यानंतर रंगानुसार ढीग लागतात. लाल, निळा, करडा, हिरवा अशी ही प्रतवारी पाहुण्याला सोपी वाटते, परंतु व्यवसायाचा नफा येथेच ठरतो. रंग अचूक जुळला तर तंतू पुन्हा रंगवावा लागत नाही. रंगद्रव्य, पाणी, वाफ आणि सांडपाण्याचा खर्च वाचतो. पुढे चिंध्या फाडणाऱ्या यंत्रातून तंतू मोकळे होतात, त्यांचे पिंजण होते, सूत कातले जाते, यंत्रमागावर विणकाम होते आणि शेवटी पृष्ठभाग खरवडून कांबळ्याला लव आणली जाते. तंतू आखूड असल्यामुळे सूत जाड आणि कमी ताकदीचे निघते. म्हणून या कापडाची जागा महागड्या शालींच्या दुकानात नसते. आपत्तीग्रस्तांसाठी वाटली जाणारी स्वस्त कांबळी हा त्याचा मुख्य बाजार राहिला.

आता या गोदामात व्यवस्थापनाचा एक विद्यार्थी दोन महिने बसला आहे, अशी कल्पना करू. त्याने ‘मूल्यसाखळी’ हा शब्द पाठ्यपुस्तकात वाचलेला आहे. येथे त्याला दिसेल की, साखळीतील सर्वाधिक मूल्य निर्माण करणारा टप्पा सर्वांत कमी मजुरी मिळवणाऱ्या हातांत आहे. प्रतवारी करणाऱ्या अनुभवी बाईला करड्या रंगाच्या सहा छटा डोळ्यांनी वेगळ्या करता येतात. हे कौशल्य कोणत्याही प्रमाणपत्रात नाही आणि ताळेबंदातही नाही. ती आजारी पडली तर त्या आठवड्यातील सुताचा रंग बिघडतो. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या तासाला ‘अव्यक्त ज्ञान’ या संज्ञेची व्याख्या लिहून घेतलेल्या विद्यार्थ्याला तिचा अर्थ या ढिगाऱ्याशेजारी कळण्याची शक्यता अधिक आहे.

दुसरी गोष्ट त्याला कळेल ती बाजारपेठेच्या क्षणभंगुरतेची. पॉलिएस्टरची मऊ, हलकी आणि रंगीत कांबळी बाजारात आली तेव्हा शॉडीची मागणी घसरू लागली. पानिपतमधील अनेक उद्योजकांनी स्वतःच पॉलिएस्टर कांबळ्यांची यंत्रे बसवली. काहींनी लोकरीऐवजी तिरुपूरसारख्या केंद्रांतील सुती कातरणाकडे मोर्चा वळवून पुनर्प्रक्रिया केलेल्या सुती धाग्याचा व्यवसाय उभारला. काहींनी कुलूप लावले. एकाच गल्लीतील तीन कारखानदारांनी एकाच माहितीच्या आधारे तीन वेगवेगळे निर्णय का घेतले, हा प्रश्न विचारण्यासाठी त्या गल्लीत जावे लागते. उत्तर बहुधा भांडवलात, भावकीत आणि पुढच्या पिढीच्या इच्छेत सापडते.

हिशेबाच्या वहीतील दिवस

वित्तीय व्यवस्थापनातील खेळत्या भांडवलाचे उदाहरण घेऊ. समजा, पानिपतच्या एका लघुउद्योगाला ५० लाख रुपयांच्या सतरंज्यांची निर्यात मागणी मिळाली आहे आणि तिचा एकूण खर्च ४५ लाख रुपये आहे. कागदावर नफा ५ लाखांचा. सूत खरेदी, रंगाई, विणकाम, तपासणी, बांधणी, बंदरापर्यंतची वाहतूक आणि माल रवाना झाल्यावर खरेदीदाराने घेतलेली मुदत, असे सर्व धरून पैसा सरासरी १०० दिवस अडकला आणि व्याजाचा दर १२ टक्के असला, तर व्याज होते सुमारे १ लाख ४८ हजार रुपये. म्हणजे नफ्याचा जवळजवळ तीस टक्के भाग व्याजात गेला. खरेदीदाराने आणखी ३० दिवस लावले, तर त्यातून आणखी ४४ हजार कमी होतात.

हे गणित कोणताही सामान्य विद्यार्थी वर्गात सोडवू शकतो. परंतु त्यापुढचा प्रश्न गणिताचा नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती करून, मुदतीत न दिलेली अशी देणी त्या वर्षी खर्च म्हणून वजा करण्यास मनाई केली. तरीही रंगाईवाला सतरंजीच्या कारखानदाराविरुद्ध तक्रार करीत नाही, आणि कारखानदार देशातील मोठ्या खरेदीदाराविरुद्ध करीत नाही. पुढची मागणी हातची जाईल, ही भीती कायद्यापेक्षा मोठी ठरते. कायदा माहीत असणे आणि तो केव्हा वापरता येत नाही हे माहीत असणे, यांतले अंतर विद्यार्थ्याला उधारीची वही पाहूनच कळते. (परदेशी खरेदीदाराला तर हा कायदा लागूही होत नाही. तेथे पतपत्र आणि निर्यात पतविमा हीच साधने.)

बाह्य धक्क्यांचा अनुभवही असाच. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील वायुगुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या आदेशानुसार १ जानेवारी २०२३ पासून औष्णिक वीजकेंद्रे वगळता या क्षेत्रातील उद्योगांना कोळसा वापरण्यास बंदी झाली. पानिपतच्या रंगाईघरांतील बाष्पकांना नैसर्गिक वायू किंवा शेतीतील जैवइंधनाकडे वळावे लागले. ज्याची स्पर्धा राजधानी क्षेत्राबाहेरील कारखान्याशी आहे, त्याच्या किमतीत फरक पडला. पुढे २७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेने भारतीय मालावरील अतिरिक्त आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा अमेरिकेला गृहवस्त्रे पाठविणाऱ्या येथील निर्यातदारांपुढे तयार मालाचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. पर्यावरणविषयक नियमन आणि आंतरराष्ट्रीय व्यापार हे अभ्यासक्रमात दोन वेगळ्या सत्रांतील दोन वेगळे विषय आहेत. कारखानदाराच्या टेबलावर ते एकाच सकाळी येतात.

कायदा आणि योजना

शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा आहे. भारतीय व्यवस्थापन संस्था ज्या वर्षी स्थापन झाल्या त्याच वर्षीचा. सुरुवातीला तो कारागिरी व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारक आणि १९८६ च्या दुरुस्तीने व्यावसायिक शिक्षण घेतलेले विद्यार्थी त्याच्या कक्षेत आले. अभियांत्रिकीव्यतिरिक्त इतर शाखांच्या पदवीधरांसाठी दार उघडले ते २०१४ च्या दुरुस्तीने. म्हणजे वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला कायद्यात स्थान मिळण्यास ५३ वर्षे लागली. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असून, ४ ते २९ मनुष्यबळाच्या आस्थापनांसाठी ते ऐच्छिक आहे.

ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल दरमहा १,५०० रुपये, इतका वाटा केंद्र सरकार उचलते. पदवीधर व पदविकाधारकांसाठीची राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना वेगळी असून तिचे काम मुंबई, कानपूर, कोलकाता आणि चेन्नई येथील चार प्रादेशिक मंडळांमार्फत चालते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने व्यावसायिक अनुभव उच्च शिक्षणात सामावून घेण्यावर भर दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये शिकाऊ उमेदवारीचा अंतर्भाव असलेल्या पदवी अभ्यासक्रमांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार तीन वर्षांच्या पदवीतील किमान एक सत्र प्रत्यक्ष कामासाठी राखता येते.

२०२४-२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना या मालिकेतील सर्वांत महत्त्वाकांक्षी म्हणावी लागेल. पाच वर्षांत एक कोटी युवकांना देशातील अग्रगण्य ५०० कंपन्यांत बारा महिन्यांचा अनुभव, दरमहा ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपयांचे साहाय्य, अशी तिची रूपरेषा होती. प्रायोगिक टप्प्याच्या पहिल्या फेरीत कंपन्यांनी ८२ हजारांहून अधिक देकार दिले आणि त्यांपैकी सुमारे २८ हजार स्वीकारले गेले. घरापासूनचे अंतर, कामाचे स्वरूप आणि कालावधी ही नकाराची कारणे पुढे आली. ही योजना सुरू झाली तेव्हा एमबीए किंवा अन्य पदव्युत्तर पदवीधारकांना तीत प्रवेश नव्हता. व्यवस्थापनाच्या पदवीधराला अनुभवाची गरज नाही, तो त्याला संस्थेने दिलेलाच असेल, असे यामागे गृहीत धरले असावे. आघाडीच्या पंचवीस-तीस संस्था सोडल्या तर हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे.

अनुभव कोणाचा, कधी आणि किती

व्यवस्थापन संस्थेत प्रवेश घेण्यापूर्वीच दोन-तीन वर्षांचा अनुभव असावा, असा एक मतप्रवाह आहे. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसने २००१ पासून मुख्यतः याच पद्धतीचा अवलंब केला. अहमदाबादच्या संस्थेनेही २००६ मध्ये अनुभवी व्यक्तींसाठी एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. वर्गातील चर्चेचा दर्जा यामुळे निश्चितच उंचावतो. परंतु ही अट सरसकट सर्वांना लावावी, हे मत आम्हाला पटत नाही. पदवीनंतर तीन वर्षे थांबणे हे शहरी, सुस्थित कुटुंबातील तरुणाला परवडते. निमशहरी भागातील मुलीच्या बाबतीत ती तीन वर्षे घरातील मंडळी लग्नासाठी राखून ठेवतात. शिवाय अनुभव कोणत्या क्षेत्रातला, हाही प्रश्न आहेच. संगणक सेवेच्या एकाच प्रकारच्या कामात घालवलेली तीन वर्षे आणि पानिपतच्या निर्यातगृहातील सहा महिने यांची तुलना केवळ महिन्यांच्या मापाने करता येणार नाही. अनुभव अभ्यासक्रमाच्या आतच, श्रेयांकांसह आणि विद्यावेतनासह मिळणे अधिक न्याय्य ठरेल.

अर्थात, अनुभवाने आपोआप शिक्षण होते असेही नाही. उन्हाळी प्रशिक्षणाच्या नावाखाली छायाप्रती काढणे, ओळखीच्या कंपनीचे शिक्क्यासह प्रमाणपत्र आणणे आणि मागील वर्षीच्या अहवालाचे मुखपृष्ठ बदलणे हे प्रकार सर्वश्रुत आहेत. विद्यार्थ्याने रोज काय पाहिले, काय समजले नाही आणि त्याबद्दल कोणाला विचारले, याची नोंद ठेवणारी दैनंदिनी आणि दर आठवड्याला ती वाचणारा शिक्षक असल्याशिवाय दोन महिने नुसते निघून जातात. असा शिक्षक मिळणे कठीण, कारण अध्यापकांची पदोन्नती शोधनिबंधांवर ठरते, विद्यार्थ्याबरोबर कारखान्यात घालवलेल्या दिवसांवर नाही.

कारखानदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. पानिपतमधील बहुसंख्य घटक कुटुंबाच्या मालकीचे आहेत. तेथे मालकाचा मुलगा शाळेतून आल्यावर गोदामात बसतो, सुताची प्रत बोटांनी ओळखायला शिकतो आणि विशीत हिशेब सांभाळू लागतो. व्यवसाय शिकण्याची ती शाळाच आहे. बाहेरच्या विद्यार्थ्याला मात्र ग्राहकांची यादी, रंगाचे मिश्रण आणि खरेदीचा भाव दाखवायला मालक तयार नसतो. त्याची भीती निराधार नाही, कारण शिकून गेलेला माणूस शेजारच्या घटकात जाऊ शकतो. दोन महिन्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्याला समजावून सांगण्यात पर्यवेक्षकाचा वेळ जातो आणि तो उपयोगाचा होऊ लागला की निघून जातो. म्हणूनच लहान घटकांच्या दृष्टीने सहा-आठ आठवड्यांपेक्षा सहा महिन्यांचा कालावधी अधिक व्यवहार्य ठरतो. एका घटकाऐवजी उत्पादकांच्या संघटनेकडे विद्यार्थ्याची नेमणूक केली, तर गुपितांचा प्रश्नही काहीसा सौम्य होईल. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा खर्च वाटून घेणे, सामूहिक इंधन खरेदी, थकबाकीची वसुली हे सर्वांचे समान प्रश्न आहेत आणि त्यांवर काम करायला कोणत्याही एका घटकाकडे माणूस नाही.

मोठ्या उद्योगांत परिस्थिती वेगळी आहे. इंडियन ऑइलचा पानिपत शुद्धीकरण कारखाना १९९८ मध्ये ६० लाख टन वार्षिक क्षमतेने सुरू झाला आणि पुढे त्याची क्षमता १५० लाख टनांपर्यंत वाढविण्यात आली. अशा सार्वजनिक क्षेत्रातील शुद्धीकरण कारखान्यांत तांत्रिक व्यवसायांबरोबर वाणिज्य पदवीधरांनाही लेखापाल म्हणून शिकाऊ उमेदवारी मिळते, निवड पद्धत जाहीर असते आणि विद्यावेतन वेळेवर मिळते. मात्र अशा ठिकाणी प्रशिक्षणार्थी एका विभागाच्या एका टेबलाशी बांधलेला असतो. खरेदीपासून वसुलीपर्यंतचा संपूर्ण व्यवहार एका नजरेत दिसण्याची सोय लहान कारखान्यातच आहे.

महाराष्ट्राला हे चित्र अपरिचित नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये बसला. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. मालेगाव आणि भिवंडीचे यंत्रमाग सर्वांना माहीत आहेत. या चारही शहरांत आणि त्यांच्या आसपास व्यवस्थापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. त्यांतील किती विद्यार्थी उन्हाळ्यात पुण्या-मुंबईच्या बँका आणि विमा कंपन्यांकडे जातात आणि किती जण घरापासून दोन किलोमीटरवरील मागाच्या शेडमध्ये, याची मोजदाद प्रत्येक संस्थेला स्वतःपुरती एका दुपारी करता येईल.

पानिपतमध्ये १० ऑगस्ट २०२२ रोजी भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल तयार करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा वापरून तीन कोटी लिटर इथेनॉल तयार करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. पेंढा शेतात पडतो तो वर्षातून काही आठवडे. गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करायचे असते आणि कारखान्याला मात्र कच्चा माल बारा महिने हवा. शेकडो गावांतून तो गोळा करायचा, त्याचे गठ्ठे बांधायचे, आग आणि ओल यांपासून जपून साठवायचा आणि काडेपेटीचा एक-दोन रुपयांचा पर्याय हाताशी असलेल्या शेतकऱ्याला परवडेल असा भाव द्यायचा आहे. सप्टेंबर ते डिसेंबर हे चार महिने व्यवस्थापनाचे दहा विद्यार्थी या गावांतून राहू शकतील. त्यांच्या राहण्याचा आणि विद्यावेतनाचा खर्च संस्थेने करायचा, कंपनीने की शासनाने, हे तेवढे ठरवावे लागेल.